अर्धा स्वर वर

गाण्याच्या बाई चष्मेवाल्यांकडे पहिल्यांदा गेल्या त्या चष्मा मोडला म्हणून. मोडला म्हणजे त्या त्याच्यावर बसल्या. सोफ्यावर तो नातवाने ठेवला होता असं बाई म्हणत, आणि आजीनेच ठेवला होता असं नातू म्हणे. खरंखोटं त्या दोघांना ठाऊक. आपल्याला काय, चष्मा मोडला आणि बाई त्या दुकानाची पायरी चढल्या, एवढं पुरे.

बाईंनी उभा जन्म शाळेत मुलांना गाणं शिकवण्यात घालवला होता. यजमान एका मोठ्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचे. ते गेले, आणि वर्षभरात लेक आईला आपल्याकडे घेऊन आली. लेक मायाळू, जावई भला, नातू गोड. तक्रार करायला तसूभर जागा नाही, आणि माणसाचं खरं अवघड होतं ते अशा ठिकाणी. सकाळी उठल्यापासून त्या कुणाची तरी आई, कुणाची सासू, कुणाची आजी. नुसतं ‘बाई’ म्हणून हाक मारणारं त्या गावात कुणी नव्हतं. घरचा रेकॉर्ड प्लेअर सामान हलवताना निकामी झाला होता. जावयाने हौसेने एक छोटा स्पीकर आणून दिला, त्याला नुसतं सांगितलं की तो गाणं लावतो. बाईंनी एकदा सांगून पाहिलं. त्याने भलतंच काहीतरी लावलं आणि वर ‘आवडलं का’ म्हणून विचारलं. त्या दिवसापासून बाईंचं आणि त्या स्पीकरचं बोलणं बंद.

तर चष्म्याचं दुकान. चष्मेवाले उंच, वाळलेले गृहस्थ. जग जरा धूसर झालंय आणि ते पुसायचं काम नेमकं आपल्याच गळ्यात पडलंय, असा त्यांचा चेहरा. डोळे तपासायची खोली मागच्या बाजूला, काळ्या पडद्याआड. त्यांनी बाईंच्या डोळ्यांवर ती जड फ्रेम चढवली आणि काचा बदलत विचारायला लागले, ही बरी की ही? पहिली की दुसरी? आणि बाईंचं लक्ष होतं भलतीकडेच. आतल्या बाजूला कुठेतरी बारीक आवाजात रेकॉर्ड वाजत होती. सुई टेकल्यावरची ती कुरकुर बाईंनी कितीतरी महिन्यांत ऐकली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, समोरची अक्षरं पार विरघळली. चष्मेवाल्यांनी काच बदलली, पुन्हा बदलली, मग काय प्रकार आहे ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी रुमाल पुढे केला आणि रविवारी दुपारी या म्हणाले.

रविवारी दुकान बंद असायचं आणि मागची खोली उघडी. गेली आठ-नऊ वर्षं तिथे ठरलेली माणसं जमायची. स्वतः चष्मेवाले, त्यांची बायको म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, एक बेकरीवाला आणि एक वकील. बेकरीवाला गोल, गुबगुबीत, मनाने लोण्यासारखा. वकील बारीक आवाजाचे आणि भारी शंकेखोर. चहा वहिनींचा, बिस्किटं बेकरीवाल्याची, शंका वकिलांच्या.

आणि काम काय, तर एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन त्यांतली सरस कोणती ते ठरवायचं. बाहेरच्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. गाणं तेच, गाणारा तोच, मग दोन प्रतींत असून असून फरक काय असणार? तर असतो. एक एका कारखान्यात दाबून काढलेली, दुसरी दुसऱ्यात, एक त्याच वर्षीची, दुसरी वीस वर्षांनंतरची. एकीत ढोल छातीवर वाजतो, दुसरीत शेजारच्या घरात. याला ते लोक प्रेसिंग म्हणतात, आणि पहिल्या प्रेसिंगवरून सख्ख्या भावांची बोलाचाल बंद झाल्याची उदाहरणं आहेत.

चष्मेवाल्यांची पद्धत थेट नंबर काढायचीच. वहिनी आतल्या दुसऱ्या काळ्या पडद्यामागे, रेकॉर्ड वाजवायच्या मशीनपाशी. कोणती प्रत आधी लावायची ते त्या ठरवणार आणि कुणाला सांगणार नाहीत. बाकीचे पडद्याच्या अलीकडे खुर्च्यांवर. एक तुकडा पहिल्या प्रतीवरचा, तोच तुकडा दुसऱ्या प्रतीवरचा. मग डोळे मिटून बोटं वर करायची, एक किंवा दोन. विचार करायचा नाही, वाद घालायचा नाही. आणखी एक कडक नियम होता. रेकॉर्ड ज्याने आणली त्याने ती का आणली हे आधी बोलायचं नाही. लग्नात वाजली होती, वडिलांची होती, असलं काही कानावर पडलं की ऐकणाऱ्याचं बोट आपोआप हलतं, असं चष्मेवाल्यांचं म्हणणं. आधी कान, मग कहाणी.

पहिल्याच रविवारी बाई खुर्चीत टेकल्या, वहिनींनी सुई ठेवली, आणि पहिल्या दोन सुरांतच बाईंच्या मानेवर काटा आला. मशीन जोरात फिरत होतं. फार नाही, पण सगळं गाणं चांगलं अर्धा स्वर वर चढलेलं, आणि चालही त्याच मापाने झपाझप. बाईंचा कान असा होता की भांडं पडलं तरी ते कोणत्या सुरात पडलं हे त्या सांगत, आणि शेजारच्यांचा पंखा कोमल निषादात घुमतो म्हणून त्यांना झोप येत नसे. त्यांना वाटलं, आता कुणीतरी बोलेल. पण तिघंही डोळे मिटून सुखात. बेकरीवाला तर म्हणाला की तो इतर कुणाकडे रेकॉर्ड ऐकतो तेव्हा ती मेल्यासारखी वाटते, जान म्हणाल तर आपल्या मशीनमध्ये. चष्मेवाल्यांनी मान झुकवून ती दाद घेतली. मशीन त्यांनी स्वतःच्या हाताने उघडून, पुसून, जोडून उभं केलं होतं, आणि केसाएवढा फरकसुद्धा आपल्या कानातून सुटत नाही, असं ते सांगत. ते खोटंही नव्हतं. दोन प्रतींतला केसाएवढा फरक त्यांना ऐकू येई. पण दोन्ही प्रती सारख्याच वर चढलेल्या असतील तर तो फरक दिसणार कुठून?

बाई बोलल्या नाहीत. आता तुम्ही म्हणाल, का नाही बोलल्या? अहो, घरात पाऊल टाकलं नाही तोच घरच्या माणसाच्या मशीनला नावं ठेवायची? निघताना वकिलांनी ‘बाई, पुढच्या रविवारी येताय ना’ म्हणून विचारलं. बाई. कितीतरी दिवसांनी ती हाक कानावर आली. त्या हाकेपुढे अर्धा स्वर म्हणजे काय मोठं? लहान मुलांना झेपावं म्हणून आपण नाही का गाणं वर चढवून घेत, तसं समजायचं आणि तोंड मिटून बसायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

आणि बसल्या. महिना गेला, दुसरा गेला. खिडकीजवळची खुर्ची त्यांची झाली. त्यांचं बोट कुठे जातं याकडे वकिलांचंही लक्ष असायचं. बेकरीवाला त्यांच्यासाठी कमी गोडाची बिस्किटं वेगळी आणायला लागला. घरी लेकीच्या लक्षात आलं की रविवारी आई सकाळपासूनच आवरून बसते. एवढं सगळं छान चाललेलं असताना तो अर्धा स्वर मात्र दर रविवारी दातात अडकलेल्या कणासारखा सलत राही.

मग बाईंची पाळी आली. रेकॉर्ड आता तुम्ही आणायची, चष्मेवाल्यांनी सांगितलं, दोन प्रती हव्यात. बाईंकडे दोन प्रती असलेली रेकॉर्ड एकच होती.

त्या रेकॉर्डवर यजमान होते. मधल्या एका संथ भागात सगळा वाद्यवृंद थांबतो आणि क्लॅरिनेट एकटी उरते. कव्हरवर त्यांचं नाव नव्हतं, नुसतं ‘वाद्यवृंद’ असं होतं. वीस वर्षांनी ती पुन्हा निघाली तेव्हा यजमानांनी मुद्दाम दुसरी प्रत आणली, निदान आता तरी नाव टाकलंय का बघायला. तेव्हाही नव्हतं. ‘वाद्यवृंद या शब्दातल्या अनुस्वाराएवढा मी आहे,’ असं म्हणून ते हसले होते.

आणि माणूस कसा, तर घाई हा शब्द त्यांना माहीतच नव्हता. स्वतःच्या लग्नाला उशिरा आले. गाड्या चुकणं तर नेहमीचंच. त्या तुकड्यावरून त्यांचा वाद्यवृंदाच्या संचालकाशी वाद झाला होता. संचालक म्हणे, जरा पुढे रेटा. हे म्हणाले, ही जागा रेटायची नाही, इथे थांबायचं. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांनी आपल्याच चालीने वाजवलं आणि संचालकाने ऐकून मुकाट्याने तेच ठेवलं. आयुष्यात त्यांनी एवढा एकच हट्ट केला आणि तो त्या रेकॉर्डवर होता. ते गेल्यापासून बाईंनी तो ऐकला नव्हता.

आता आली पंचाईत. दुसरी कुठली रेकॉर्ड उसनी आणता आली असती. पण बाईंना आपल्या यजमानांनाच ऐकायचं होतं, आणि या चौघांबरोबर ऐकायचं होतं. लेकीच्या घरी सगळे प्रेमाने ऐकतील, एक डोळा फोनवर ठेवून. कान देऊन ऐकतील ते हेच लोक. पण त्या मशीनवर? ज्या माणसाने जन्मात घाई केली नाही त्याला तिथे पळवायचं? आणि बोलावं, तर इतके दिवस गप्प बसून आज चष्मेवाल्यांना त्यांच्याच घरात तोंडावर पाडायचं. चष्मेवाले भारी मानी. एकदा का मनातून उतरलं की संपलं. खिडकीजवळची खुर्ची गेली, ‘बाई’ गेल्या, उरली ती आजी. तीन रात्री बाईंना नीट झोप नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःला सांगितलं, अर्धा स्वर तर आहे, सोसू. आणि दोन्ही प्रती पिशवीत घालून त्या निघाल्या.

वहिनींनी प्रती पडद्यामागे नेल्या. दिवा मंद झाला. आधी तंतुवाद्यांचा भाग आला, तो बाईंनी सोसला. मग वाद्यवृंद थांबला आणि क्लॅरिनेट एकटी निघाली. सूर त्यांचाच होता, ती हवा भरून घ्यायची पद्धतही त्यांचीच. पण आवाज बारीक, आणि चाल अशी की गाडी पकडायची आहे. जिथे ते थांबायचे तिथे थांबले न थांबले करून पुढे निघाले.

“बंद करा,” त्या म्हणाल्या.

पडद्यामागून सुई उचलल्याचा आवाज आला. मधेच थांबवायची रीत तिथे नव्हतीच. सगळे डोळे उघडून त्यांच्याकडे बघायला लागले. बरं वाटत नाही का, बेकरीवाल्याने विचारलं. वकिलांनी पाण्याचा पेला पुढे केला. का आणली ते सांगायचं नाही हा नियम होता, आणि ते सांगितल्याशिवाय बाईंना दुसरं काही सुचेना. शेवटी डोळे जमिनीकडे लावून त्यांनी सरळ सांगून टाकलं.

“तुमचं मशीन जोरात फिरतं. सगळं अर्धा स्वर वर वाजतं. मी आले त्या दिवसापासून.”

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी शांतपणे, फारच शांतपणे सांगितलं की या मशीनवर गेली आठ-नऊ वर्षं दर रविवारी चार माणसं कान लावून बसतात आणि त्यांच्यापैकी एकालाही असं कधी वाटलेलं नाही. आणि प्रती तर शेकड्यांनी तपासून झाल्या आहेत, त्याही एकीसमोर एक ठेवून.

बाईंना आता माघार घेता येत नव्हती. “तुम्ही माणसाला विचारता ना, पहिली की दुसरी,” त्या म्हणाल्या. “तो बिचारा खरं तेच सांगतो. पण समोरचा अक्षरांचा तक्ताच वाकडा टांगलेला असेल, तर तो दोन्ही काचांतून वाकडाच दिसेल की.”

हे मात्र लागलं. चष्मेवाल्यांचा चेहरा पडला आणि मग लालबुंद झाला. वकील मधे पडले. आरोप गंभीर आहे, पुरावा हवा, असं म्हणत त्यांनी फडताळातून एक रेकॉर्ड काढली. मधल्या गोल कागदावर गाणं किती मिनिटांचं ते छापलेलं असतं. ते सगळ्यांनी हजारदा वाचलं होतं, पण कुणी मोजलं नव्हतं. बेकरीवाल्याच्या खिशात भट्टीसाठीचं छोटं गजराचं घड्याळ कायम असे. ते लावलं. गाणं संपलं तरी घड्याळात वेळ शिल्लक. भट्टीत असता तर पाव कच्चा राहिला असता, असं तो पुटपुटला. छापणाऱ्याची चूक असेल, चष्मेवाले म्हणाले. दुसरी लावली, तिसरी लावली. सगळ्याच आपल्या वेळेआधी घरी. वकिलांनी खांदे उडवले. तीन साक्षीदार, वेगवेगळ्या गावचे, एकमेकांना न ओळखणारे, आणि तिघांची साक्ष एक. पुढे बोलण्यासारखं काही नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

मग वहिनी पडद्यामागून बाहेर आल्या आणि त्यांनी अगदी सहज आवाजात नवऱ्याला विचारलं, “अहो, त्या पुलीवर तुम्ही चिकटपट्टी गुंडाळली होती, ती काढली का हो?”

झालं होतं ते असं. सुरुवातीच्या दिवसांत मशीनचा पट्टा ढिला होता आणि मोटरच्या पुलीवरून घसरायचा. पुलीला पकड यावी म्हणून चष्मेवाल्यांनी तिच्यावर जाड चिकटपट्टीचे वेढे दिले. पुली तेवढी लठ्ठ झाली आणि रेकॉर्डखालची चकती तेवढी जोरात फिरायला लागली. पुढे नवा पट्टा आणला, तो चोख बसला, पण ते वेढे राहिले ते राहिलेच. ते आत आहेत हे वहिनींना माहीत होतं. त्याने गाणं पळतं हे त्यांना कोण सांगणार?

चष्मेवाले उठले. चष्म्याचे स्क्रू धरायचा बारीक चिमटा घेतला, चकती उचलली आणि पाठमोरे बसून ती चिकटपट्टी सोलायला लागले. जुनी, कडक झालेली, तुकड्यातुकड्याने निघत होती. बाईंना वाटलं, उठावं आणि जावं. हा माणूस आपलं तोंड पुन्हा बघायचा नाही. कशाला बोलले मी? अर्धाच तर स्वर होता. आणि तरीही त्या उठल्या नाहीत, कारण त्यांची रेकॉर्ड आत होती आणि ती अजून ऐकायची होती.

पट्टा बसला. चष्मेवाले आपल्या खुर्चीवर येऊन बसले, हाताची घडी घालून, भिंतीकडे बघत. वहिनींनी सुई ठेवली.

सुरुवातीला सगळ्यांना ते जडच वाटलं. बेकरीवाल्याने काळजीने वकिलांकडे पाहिलं. सवयीच्या झपाझप चालीला सोकावलेले कान, त्यांना वाटणारच कुणीतरी पाय ओढत चाललंय. पण पाच-सहा सुरांनंतर तंतुवाद्यं खाली बसली, भरली, रुंद झाली. मग वाद्यवृंद थांबला. आणि ते आले.

हवा भरून घेतली, सावकाश. पहिला सूर असा लावला की खोलीत आधीपासूनच होता आणि आता फक्त ऐकू आला. पुढे गेले. आणि त्या जागेवर थांबले. थांबायला हवं तेवढं थांबले, मागे कुणी उभं असेल याची पर्वा न करता, जसे ते दारात चप्पल शोधत थांबायचे आणि बाई बाहेरून हाका मारायच्या. बाईंच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. आनंदच होत होता त्यांना, दुसरं काही नाही. तुकडा संपला. वहिनींनी दुसरी प्रत लावली आणि ते पुन्हा एकदा आले, पुन्हा तसेच थांबले.

बोटं वर झाली. वहिनींनी मोजली. सगळ्यांची दोन. चष्मेवाल्यांचीसुद्धा, हाताची घडी सोडून. दुसरी लावलेली प्रत ती आधीची, यजमानांनी पहिल्यांदा आणलेली.

आता कहाणी सांगायची वेळ. वकिलांनीच विचारलं, ही क्लॅरिनेट वाजवतंय कोण? कव्हरवर नाव नाही.

“आमचे हे,” बाई म्हणाल्या.

वहिनी पडद्याआडून बाहेर येऊन बाईंच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. मग बाईंनी सगळं सांगितलं, संचालकाशी झालेला वाद, लग्नातला उशीर, अनुस्वार. बेकरीवाला हसता हसता डोळे पुसत होता. चष्मेवाले ऐकत होते, पण मान भिंतीकडे.

वातावरण हलकं करायला म्हणा किंवा राहवलं नाही म्हणून म्हणा, बेकरीवाल्याने आपली लाडकी रेकॉर्ड लावायची परवानगी मागितली. त्या गायिकेच्या आवाजावर त्याचा जीव होता, हे सगळ्यांना माहीत होतं. कोवळा, चिवचिवता आवाज. या पोरीला कुणी नीट खाऊपिऊ घालतं की नाही, अशी त्याला उगाच काळजी लागून असायची. रेकॉर्ड लागली आणि आवाज आला तो चांगला भरलेला, जाणता, संसार केलेल्या बाईचा. बेकरीवाल्याचा आ वासलेला तसाच. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं.

“इतकी वर्षं मी हिला पोरगी समजत होतो,” तो हळूच म्हणाला. “ही तर माझ्याच वयाची निघाली.” आणि असा काही लाजला की वकिलांना ठसका लागला. ती रेकॉर्ड त्याने लगेच पुन्हा लावायला सांगितली.

निघायची वेळ झाली. बाईंनी दोन्ही प्रती पिशवीत घातल्या. वहिनींनी पुढच्या रविवारचं विचारलं, बेकरीवाल्याने उरलेली बिस्किटं बांधून दिली. पण घर ज्याचं तो माणूस अजून त्यांच्याशी बोलला नव्हता. बाई काय समजायचं ते समजल्या. ठीक आहे, त्यांनी मनात म्हटलं, आमच्या ह्यांचं वाजवणं नीट ऐकवलं ना या लोकांना, मग त्यासाठी खुर्ची गेली तर गेली. आणि त्या दुकानातून बाहेर निघाल्या. काचेच्या कपाटांमधल्या रिकाम्या फ्रेमी सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

दाराशी मागून पावलं वाजली. चष्मेवाले होते. चेहरा तसाच ताठ.

इतक्या वर्षांचे सगळे निकाल रद्द झालेत, त्यांनी सांगितलं. वकील म्हणतात, दोन्ही प्रती सारख्याच चढल्या होत्या, तेव्हा निकाल तेच राहतील. पण वाकड्या तक्त्यावर काढलेला नंबर मी कुणाला देत नाही. सगळ्या रेकॉर्डी पहिल्यापासून ऐकाव्या लागणार. रविवार-रविवार करत बसलो तर माझ्या हयातीत संपत नाही. तेव्हा मंगळवारी संध्याकाळीही यायचं, आणि खुर्चीचं तेवढं बघा, ती मधे घेतोय, तुमच्या कानाला खिडकीतून रस्त्याचा आवाज नको.

बाईंनी मान हलवली.

“आणि एक,” चष्मेवाले म्हणाले. “पुन्हा काही खटकलं तर असं दोन दोन महिने मनात ठेवायचं नाही. त्याच दिवशी सांगायचं. मला राग येईल. येऊ दे. तरी सांगायचं.”

बाई पायरीवर उतरल्या. दोन पावलं गेल्या. थांबल्या, आणि मागे वळल्या.

“मग एक सांगू का?”

“आता आणखी काय राहिलं?”

“तुमचे स्पीकर उलटे जोडलेत,” बाई म्हणाल्या. “डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. व्हायोलिनवाले डाव्या हाताला बसतात हो. तुमच्याकडे ते सगळे उजवीकडे जाऊन बसलेत.”

चष्मेवाले दारातून बाजूला झाले.

“आत या,” ते म्हणाले.